काकूंचा खुलासा

आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात वार्ताहरासाठी एकच खुर्ची आहे, कारण गावात साप्ताहिकही एकच. आधी त्या खुर्चीवर साप्ताहिकाचे संपादक बसायचे, सगळ्या गावाचे काका. त्यांच्या मागे काकू बसायला लागल्या आणि एकवीस वर्षं बसल्या. मी तिथला सभा-कारकून. सभेत कोण काय बोललं आणि कोणता ठराव झाला हे लिहून काढायचं, त्यावर सह्या घ्यायच्या आणि कपाटात ठेवायचं, हे माझं काम. मी लिहिलेलं कुणीही वाचत नाही. काकूंनी लिहिलेलं सगळं गाव वाचायचं. त्यामुळे आमच्यात स्पर्धा अशी कधी नव्हतीच.

काका गेले ते एका मंगळवारी, अगदी अचानक. सोमवारच्या सभेची टिपणं टेबलावर तशीच पडलेली. अंक गुरुवारी निघायचा. आता कुठला अंक, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पण गुरुवारी सकाळी दारोदार चार पानी अंक येऊन पडला. पहिल्या पानावर पाण्याच्या वेळा, दुसऱ्यावर रस्त्याच्या खोदाईची बातमी, आणि चौथ्या पानावर खाली चार ओळी: संपादकांचे निधन.

पुढच्या सोमवारी अकराच्या ठोक्याला काकू सभागृहाच्या दारात उभ्या. शिपाई उठून उभा राहिला. आत सोडावं की अडवावं हे त्याला कळेना. काकूंनी मला विचारलं, "हे कुठे बसायचे?"

मी खुर्ची दाखवली. त्या बसल्या, पर्समधून काकांचीच वही काढली, टिपणं जिथे संपली होती तिथे एक आडवी रेघ ओढली आणि लिहायला लागल्या. तेव्हा त्या शेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा कॉलेजात पहिल्या वर्षाला. सभा संपल्यावर म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मुद्रितं तपासत आलेय. गावातल्या प्रत्येकाच्या नावाचं शुद्धलेखन मला पाठ आहे. बाकी मला काही येत नाही, तेवढं सांभाळून घे."

सांभाळून घ्यायची वेळ आमच्यावरच आली. काका बातमी सजवून लिहायचे. काकूंना सजवणं ठाऊक नव्हतं. त्या घडलं तेवढंच लिहायच्या. "दिव्यांच्या खांबांवर पाऊण तास चर्चा झाली. निर्णय झाला नाही. चहा झाला." या तीन वाक्यांनी सदस्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या सभेत खांबांचा निर्णय दहा मिनिटांत झाला. कुणाकडे मुलगी झाली, कुणाची छत्री सापडली, कोणत्या गल्लीचा नळ उलट्या दिशेने फिरवावा लागतो, हे सगळं त्या एकाच गांभीर्याने छापायच्या. छत्री सापडल्याची बातमी देताना ती काळी आहे आणि तिची एक काडी मोडकी आहे हेही लिहायच्या, म्हणजे भलत्याच छत्रीवाल्याने उगाच हेलपाटा मारायला नको.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. एका सभेत त्यांचं पेन खाली पडलं. मी म्हणालो, "काकू, पेन पडलं."

"हो ना," काकू म्हणाल्या, "फार उकडतंय."

मी पेन उचलून दिलं. पण त्या दिवसापासून माझं लक्ष गेलं ते गेलंच. खुर्ची दर महिन्याला वीतभर पुढे सरकत होती. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता काकू ओठांकडे बघत होत्या. आणि नको तिथे "हो" म्हणत होत्या. तशातच अध्यक्षांनी मिशा वाढवल्या. गडी आधीच घोगऱ्या आवाजाचा, मालवाहू गाड्यांच्या धंद्यातला, त्यात या झुपकेदार मिशा. वरचा ओठ पार झाकला गेला आणि काकूंचं अर्धं काम तिथेच अडलं.

मग मी एक चिठ्ठी द्यायला लागलो. सभा संपली की झालेले ठराव मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहायचे आणि "आकडे चुकायला नकोत, काकू" असं म्हणून पुढे करायचे. त्या कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या. आकडे नसले तरी मी तेच म्हणायचो, आणि आकडे नसले तरी त्या घडी घालायच्या. तीन वर्षं हा कार्यक्रम चालला. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही.

त्या सोमवारी माझी दाढ ठणकत होती. गाल इतका सुजला की सभेच्या मध्यातच मी उठलो. माझ्या जागी आवक-जावकच्या कारकुनाला बसवलं आणि दाढ काढायला गेलो. चिठ्ठी राहिली. शेवटचा ठराव मी गेल्यावर झाला. बाजारातलं जुनं शौचालय पाडून त्याच जागी नवं बांधायचं, असा तो ठराव होता.

गुरुवारच्या अंकात ठळक मथळा होता: "बाजारातील वाचनालय पाडणार." खाली बातमी: "ठराव एकमताने मंजूर झाला. दुर्गंधीबाबत दुकानदारांच्या अनेक वर्षांच्या तक्रारी होत्या, असे अध्यक्षांनी सांगितले."

दाढेची जखम चिघळली होती. शुक्रवारी सकाळी मी गालाला रुमाल बांधून कचेरीत आलो तर जिन्यापासून फाटकापर्यंत माणसं. रोज सकाळी वाचनालयात पेपर चाळणारे पेन्शनर, तिथे परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली, गळ्यातली टेप तशीच ठेवून आलेला शिंपी. खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांना वाचनालयाचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही माहीत नव्हतं. पण पाडणार म्हटल्यावर ते सगळ्यांचं झालं होतं. सर्वांत पुढे ग्रंथपाल उभे होते. अतिशय सौम्य माणूस, डोळ्यांत पाणी. "पाडायचं तर पाडा हो," ते म्हणत होते, "पण दुर्गंधी? रोज सकाळी मी स्वतः फरशी पुसून घेतो!"

अध्यक्ष गाडीतून उतरले आणि गर्दीत सापडले. "कोण पाडतंय? काय पाडतंय?" ते ओरडायला लागले. हात वर करणाऱ्यांत म्हणे तेच पहिले होते, पण चार दिवसांनंतर कशासाठी वर केला होता ते त्यांच्याही लक्षात नसावं. मी दिसताच ते माझ्यावर धावून आले. "अरे, तू सांग ना! काय ठराव झाला?"

मी तोंड उघडलं तर आतून कापूस बाहेर आला. शेवटी आवक-जावकच्या कारकुनाकडून वही मागवली, ठराव बघितला, आणि एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: शौचालय. अध्यक्षांनी कागद माझ्या हातून ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

आधी शिंपी हसला, मग मुली, मग सगळं आवार. ग्रंथपालांनी दोनदा वाचून खात्री केली आणि तेही हसायला लागले. नेमक्या त्याच वेळी काकू फाटकातून आत आल्या.

त्यांनी हसणारे चेहरे बघितले. वर धरलेला कागद बघितला. तो वाचला आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अध्यक्ष तसे मनाचे वाईट नाहीत. ते जवळ जाऊन म्हणाले, "काकू, अहो, मला पुस्तकांचा वैरी केलंत तुम्ही! माझी आई कालपासून माझ्याशी बोलत नाहीये."

काकू त्यांच्या मिशांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो."

"हो काय, काकू?"

पुन्हा हशा झाला. हसण्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, पण काकू वळल्या आणि चालायला लागल्या. चप्पल निसटली तीही त्यांनी फाटकाबाहेर जाऊन नीट केली.

दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. पुढची खोली म्हणजेच साप्ताहिकाची कचेरी. एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले जुन्या अंकांचे गठ्ठे, खिडकीत चष्म्याचं रिकामं घर. छापखानेवाला आधीच येऊन बसला होता. हा माणूस एरवी दिवसाला दहा शब्द बोलतो. तो सांगत होता, "काकू, माझ्यावर ढकला. छपाईत चूक झाली असं लिहा. छापखान्याला नावं ठेवायची सगळ्यांना सवय आहे. त्यात आणखी एक."

त्याचं बोलणं काकूंना बरोबर कळत होतं, कारण तो सावकाश बोलतो आणि दाढीमिशा काही ठेवत नाही. त्या नुसत्या मान हलवत होत्या.

मला बोलता येत नव्हतं. मी कागद ओढला आणि लिहिलं, "चूक माझी. मी लवकर गेलो."

काकूंनी वाचलं आणि माझ्या गालाकडे बघितलं. "तुझी दाढ दुखत होती आणि माझे कान गेले होते," त्या म्हणाल्या. "तुझं दुखणं चार लोकांना दिसतं, एवढाच फरक. कधीपासून ठाऊक आहे तुला?"

मी लिहिलं, "तीन वर्षं."

"म्हणजे माझ्याही आधीपासून." त्यांना हसू आलं. "मला स्वतःशी कबूल करायला आणखी एक वर्ष लागलं."

छापखानेवाल्याने विचारलं, "मग सांगितलं का नाहीत, काकू?"

त्यांनी टेबलावरचा कागद सारखा केला. "ज्याला ऐकू येत नाही त्याला सभेत कोण बसू देईल? आणि सभेला गेले नाही, तर सोमवारी अकरा वाजता मी करू काय?"

छापखानेवाला उठला, जाताना त्याने एक गठ्ठा उगीचच उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवला.

पुढच्या गुरुवारी पहिल्या पानावर, सगळ्या बातम्यांच्या वर चौकटीत खुलासा आला. तो अंक माझ्याकडे आहे, म्हणून शब्द न शब्द देतो.

"गेल्या अंकात बाजारातील वाचनालय पाडणार असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ते चूक आहे. ठराव शौचालयाचा होता. ही चूक छपाईची नाही, माझ्या कानांची आहे. मला गेली काही वर्षे नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मी वाचकांपासून लपवली. वाचनालयात दुर्गंधी नाही. तेथील फरशी रोज पुसली जाते. ग्रंथपालांची व अध्यक्षांच्या मातोश्रींची मी क्षमा मागते. बहिऱ्या व्यक्तीने वार्ताहर असू नये असे ज्यांना वाटते त्यांनी तसे लिहून कळवावे. त्यांची पत्रे छापली जातील."

पत्रं आली आणि ती छापलीही गेली. दोघांनी लिहिलं की काकूंनी आता विश्रांती घ्यावी. एका आजोबांनी आपल्या कानांची सविस्तर हकिकत कळवली. पण गावात गाजलं ते मागच्या गल्लीतल्या एका बाईंचं पत्र: "आमच्या गल्लीचे गटार दोन वर्षे तुंबले आहे. आम्ही अर्ज करून थकलो. तुमच्या एका चुकीने दीडशे माणसे नगरपालिकेवर जमली. तरी पुढील चूक कृपया आमच्या गटाराबद्दल करावी."

खुलाशाचा अंक टपालाने काकूंच्या मुलालाही गेला. तो लांबच्या मोठ्या शहरात नोकरी करायचा. तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. अंक मिळाला तसा तो निघालाच आणि रविवारी संध्याकाळी घरी येऊन थडकला. सोमवारी सकाळी नगरपालिकेच्या व्हरांड्यात त्याने मला गाठलं.

"एक विचारू? आई फोनवर काय बोलते हे तिला कळत असतं का?"

मी म्हणालो, "का रे?"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं तेच कळेना. दर रविवारी तो फोन करायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याने विचारलं होतं, आई, आता कायमची इकडेच येतेस का, तुझ्यासाठी खोली तयार करू का? काकू म्हणाल्या, "हो, हो, करा." त्याने खोलीला रंग दिला. सूनबाईंनी पडदे शिवले. मग काकू येईनात. कधी येतेस विचारलं की "हो, मजेत आहे" म्हणायच्या. सूनबाईंना वाटलं, सासूबाईंना आपण आवडलो नाही. बिचारी पडदे बघून रडायची. "आणि इकडे आईला यातलं काहीच माहीत नाही," तो म्हणाला. "काल समोर बसून सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. आता मी तिला न्यायला आलोय, तर म्हणते, अकरा वाजता सभा आहे, तूही चल."

तो मागच्या बाकावर बसला. सदस्य आले, बसले. मग अध्यक्ष आले आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. मिशा साफ गायब. इतक्या वर्षांनी उघडा पडलेला वरचा ओठ गोरा आणि थोडा बावळट दिसत होता.

"काय बघताय?" अध्यक्ष खेकसले. "उकडत होतं म्हणून काढल्या." अंगात स्वेटर होता त्यांच्या.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि वही उघडली. ओठ वाचायला लागल्या असाव्यात, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं.

सभा सुरू होणार तेवढ्यात बाजारात भाजी विकणाऱ्या सदस्या उठल्या. त्या एरवी मुद्द्याचं बोलून खाली बसतात. "आधी माझा एक ठराव घ्या," त्या म्हणाल्या. "इथे सगळे एकदम बोलतात. मला धडधाकट कान आहेत, तरी अर्धं कळत नाही. काकूंना काय बोल लावायचा? शाळेतून एक फळा मागवा. ठराव फळ्यावर लिहायचा, सगळ्यांनी वाचायचा, मगच हात वर करायचा."

ठराव मंजूर झाला. शाळेच्या अडगळीतून फळा आला, खडू आला, आणि लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे. पहिलाच विषय पाण्याच्या टाकीच्या कुंपणाचा. मी लिहिलं आणि बाजूला झालो. सगळ्यांनी वाचलं. मग एक सदस्य म्हणाले, "थांबा, कुंपण टाकीला आहे होय? मला वाटलं बागेला." दुसरे म्हणाले, "मला तर वाटलं आपण हे गेल्याच महिन्यात केलं." अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं आणि कुंपणाची लांबी निम्म्यावर आली. आजवर आम्ही कशाकशाला हात वर केले असतील याचा विचार करून मला घाम फुटला.

त्या सगळ्या गोंधळात काकू लिहीत होत्या. फळ्याकडे बघायच्या, ओठांकडे बघायच्या, मध्येच एखाद्याला हाताने थांबवून "पुन्हा सांगा" म्हणायच्या. लपवायचं काही उरलं नव्हतं. ते "पुन्हा सांगा" मी त्यांच्या तोंडून तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. मुलगा मागून टक लावून बघत होता.

सभेनंतर तो मला म्हणाला, "घरी मी तिला अशी कधी पाहिलीच नाही."

मंगळवारी तो एकटाच परत गेला. जाण्यापूर्वी मायलेकांचं काय ठरलं ते काकूंनीच मला सांगितलं. खोली तशीच राहील, काकू वर्षातून दोन महिने जाऊन राहतील, आणि रविवारचा फोन बंद. त्याऐवजी दर आठवड्याला पत्र.

"फोनवर आमचं 'जेवलास का' आणि 'जेवले' याच्या पुढे कधी गेलंच नाही," काकू म्हणाल्या. "ऐकू येत होतं तेव्हाही."

पत्रात मात्र पोरगा मोकळा व्हायला लागला. काका गेले त्या आठवड्यात आईने अंक काढला म्हणून आपण दोन वर्षं मनातून तिच्यावर रागावलो होतो, असं त्याने एका पत्रात लिहिलं. काकूंनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचून संपवेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मी काय उत्तर लिहिलं माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "लिहिलं, अंक काढला नसता तर मी त्या दिवशी उठलेच नसते. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू विचारलं नाहीस आणि मी बोलले नाही. दोघांचेही कान शाबूत होते तेव्हा."

मुलाने कानाचं यंत्रही घेऊन दिलं. काकूंनी ते एकदाच सभेला घातलं. पंखा, खुर्च्यांची खरखर आणि मागच्या रांगेतल्या दोघांची कुजबुज, सगळं एकदम कानात घुसलं. त्यांनी मागे वळून त्या दोघांकडे असं बघितलं की ते आजतागायत सभेत कुजबुजत नाहीत. यंत्र मात्र पर्समध्ये गेलं. समोर एकच माणूस असेल तेव्हा त्या ते लावतात. "एका वेळी एक," म्हणतात, "तेवढंच माणसाला झेपतं."

पुढे सात वर्षं त्यांनी साप्ताहिक चालवलं. मग एका सोमवारी सभा संपल्यावर वही मिटून म्हणाल्या, "आता बास." त्या शुक्रवारी फाटकावर आलेल्या मुलींपैकी एक हल्ली अंक काढते. चांगलं लिहिते, थोडं सजवते. काकू लाल पेन्सिलीने तिची सजावट खोडतात आणि नावांचं शुद्धलेखन तपासतात. फळा अजून सभागृहात आहे आणि खिडकीबाहेर उभं राहून लोक तो वाचतात. माझं लिहिलेलं कुणी वाचत नाही, असं आता मला म्हणता येत नाही.

या महिन्यात मुलगा, सूनबाई आणि सहा वर्षांची नात इथे आली आहेत. परवा कामावरून जाताना बघितलं तर आजी आणि नात पायरीवर बसलेल्या. नात नुकतीच अक्षरं शिकली आहे. तिने आजीचा तळहात मांडीवर उघडून धरला होता आणि त्यावर बोटाने एकेक अक्षर काढत होती. काकू डोळे मिटून ओळखत होत्या.

"म?" काकू म्हणाल्या.

"नाही!"

"मग भ असेल."

"आजी, नीट लक्ष दे ना!" नातीने तळहात झटकून कोरा केला आणि पुन्हा काढायला घेतलं. मला रस्त्यावरूनही दिसत होतं की ती सरळ साधा 'ग' काढतेय. काकूंनी डोळे घट्ट मिटले, खूप विचार केल्यासारखं केलं, आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाल्या, "ढ."

पोरगी हसून हसून पायरीवर आडवी झाली.